उजेड वाटताना कमी होतो हे पटतं, पण गोळा करताना का?

खांबावरचा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज एका भांडणामुळे लिहायला बसलोय.

मी कराडच्या बाजूला फायबर इंटरनेटचं काम करतो. ऑफिसात ओएलटी (सगळ्या गिऱ्हाइकांशी बोलणारं मुख्य मशीन), तिथून एक फायबर निघते, वाटेत एका खांबावर एकास चारचा स्प्लिटर, पुढे वस्तीवर एकास आठचा. म्हणजे एका पोर्टवर ३२ गिऱ्हाइकं. खाली जाताना उजेडाचे ३२ वाटे होतात, प्रत्येकाला बत्तिसावा हिस्सा मिळतो. गणिताने हा १५ डीबीचा तोटा (दर ३ डीबीला उजेड निम्मा), स्प्लिटरचा स्वतःचा धरून साडेसतरा-अठरा. यात तक्रार नाही. एका भाकरीचे चार तुकडे केले की प्रत्येकाला चतकोर, एवढं मलाही कळतं.

घोळ परतीच्या वाटेवर आहे. गिऱ्हाइकाचं मशीन १३१० नॅनोमीटरवर वर बोलतं, आणि आळीपाळीने बोलतं. एकाची पाळी असताना बाकीचे ३१ लेसर बंद. म्हणजे त्या क्षणी एकाच घरातून उजेड येतोय आणि त्याला एकाच ठिकाणी जायचंय. वाटायचं काहीच नाही. तरी परवा एका गिऱ्हाइकाचे आकडे पाहिले. घरातून निघताना +२ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत इतके डीबी), ओएलटीवर पोचताना -१८.७. म्हणजे जवळपास २१ डीबी गायब. चार किलोमीटर फायबरचे दीड आणि जोड-कनेक्टरांचे दीड सोडा, उरलेले सगळे स्प्लिटरने खाल्ले. जाताना जेवढे खातो, येतानाही तेवढेच!

माझा स्प्लायसिंगवाला (फायबर जोडणारा) जोडीदार म्हणतो, "स्प्लिटर दोन्हीकडून सारखाच असतो, एवढं डोकं कशाला लावतोस?" मी म्हणतो, आठ फांद्यांतून आलेला उजेड खोडात जायला अडवतंय कोण? आणि न जाणारा उजेड जातो कुठे? स्प्लिटरच्या नळीला हात लावून पाहिला, गरम तर लागत नाही.

कोणी समजावून सांगेल का?

---

बंड्या_सदाशिव | सोमवार, रात्री ९:५८

शेंगदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

---

अर्धवाहक | सोमवार, रात्री १०:०५

याला रेसिप्रोसिटी म्हणतात. निष्क्रिय घटकातून अ ते क जेवढा संदेश जातो तेवढाच क ते अ जातो. खाली आठवा हिस्सा, तर वरही आठवाच. विषय संपला.

---

खांबावरचा | सोमवार, रात्री १०:२२

साहेब, नाव कळलं, कारण नाही कळलं. आमच्या आजीला विचारलं पाऊस का पडतो, तर म्हणायची "मिरग लागला म्हणून".

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:४१

खांबावरचा भाऊ, तुम्ही कराडचे आणि हा प्रश्न विचारता? प्रीतिसंगमावर जाऊन उभे राहा. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि वळून पुढे जातात. तिथे अर्धं पाणी गायब होतं का? सगळंच्या सगळं पुढे जातं. मग उजेडानेच काय घोडं मारलंय? मला तर वाटतं तुमचे स्प्लिटर निकृष्ट आहेत.

---

मीरा_प्र | सोमवार, रात्री ११:१५

संगमाचं उदाहरण फार चांगलं आहे, फक्त ते उलट बाजूने साक्ष देतं. संगमाच्या खाली पात्र बघा. दोन नद्यांचं पाणी नेण्यासाठी ते रुंद होतं, खोल होतं, नाहीतर पाणी जोरात पळतं. त्यांच्या फायबरचं पात्र मात्र संगमाच्या वरही सुमारे ९ मायक्रॉन आणि खालीही तेवढंच. आणि उजेड काही घाईत असल्यामुळे जोरात पळत नाही.

स्प्लिटर निकृष्ट नाहीत. जगातला सगळ्यात महाग आणून लावला तरी एकास आठला ९ डीबीच्या आत उतरता येणार नाही.

---

मीरा_प्र | सोमवार, रात्री ११:४८

स्वतःचीच दुरुस्ती करते, नाहीतर गैरसमज होईल. "पात्र लहान" म्हणजे फायबर भरून जाते असं नाही. दुप्पट उजेड ती आरामात नेईल. अडचण जागेची नसून ओळखीची आहे.

एकमोडी फायबरमध्ये एका रंगाचा, एका ध्रुवीकरणाचा उजेड एकाच आकारात चालू शकतो. अमुक घरून आला म्हणून डावीकडून, तमुक घरून आला म्हणून उजवीकडून, असं काही नाही. खोडात शिरला की सगळे सारखे.

आता आठ सोडा, दोनच फांद्या घेऊ. अ आणि ब, खोड क. समजा तुमच्या मनासारखा जोड मिळाला. एकट्या अ मधून टाकलेला सगळा उजेड क मध्ये जातो, आणि एकट्या ब मधून टाकलेलाही सगळा क मध्येच जातो. तोटा शून्य. याची चित्रफीत काढा आणि उलटी चालवा. उजेडाचे नियम उलट्या चित्रफितीतही तसेच लागू असतात, म्हणून ती घटनाही घडण्यासारखीच असली पाहिजे. पहिली फीत उलटी फिरवली तर क मधून टाकलेला उजेड पूर्ण अ कडे जाताना दिसतो. दुसरी उलटी फिरवली तर क मधून टाकलेला *तोच* उजेड पूर्ण ब कडे जातो. टाकला तेव्हा दोन्हींत काडीचा फरक नव्हता. मग त्याला कसं कळावं की आज अ कडे जायचंय की ब कडे?

म्हणून असा जोड बनू शकत नाही. कारागिरीचा यात काही संबंध नाही.

---

सोल्डरवाली | मंगळवार, सकाळी ७:३०

वाह मीराताई, उलट्या चित्रफितीसाठी दंडवत.

मी फोंड्याला नाटकांना आणि भजनांना साउंड लावते. आमच्याकडे हाच रोग वेगळ्या नावाने येतो. कोणीतरी दोन मोबाइल आणतो, एकात तानपुरा, दुसऱ्यात पार्श्वसंगीत, आणि ते वाय केबलने एकाच इनपुटला जोडतो. मग "ताई, आवाज बसला, फाटतोय पण". बसणारच. मोबाइलच्या आउटपुटचा अंतर्गत रोध अगदी कमी, थोड्याफार ओहमांचा. इनपुटचा दहा हजार ओहम किंवा जास्त. म्हणजे पहिल्या मोबाइलने ढकललेला करंट ॲम्प्लिफायरकडे जायचं सोडून दुसऱ्या मोबाइलच्या पोटात शिरतो, आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या. दोघं एकमेकांना ढकलत बसतात.

उपाय म्हणून प्रत्येक वायरीत एक हजार ओहमचा रेझिस्टर घालायचा. भांडण मिटतं, पण आवाज निम्म्या व्होल्टेजवर येतो, म्हणजे ६ डीबी खाली. तो वाढवायला मिक्सरमध्ये ॲम्प्लिफायर असतोच.

पण खांबावरचा दादा, आमच्याकडे वीज आहे म्हणून आम्ही सुटलो असंही नाही. २४ चॅनेलचा साधा मिक्सर घ्या. सगळे चॅनेल जिथे एकत्र येतात त्या ॲम्प्लिफायरचा स्वतःचा खरखराट २५ पटींनी वाढून बाहेर पडतो, म्हणजे २८ डीबी. चालू चॅनेल एक असो नाहीतर चोवीस, जोडलेले किती यावर ते ठरतं. शांत प्रवेशात मागे "श्श्श" ऐकू येतं ते बरेचदा हेच. म्हणून न लागणारे चॅनेल बसवरून (सगळे चॅनेल मिळतात त्या सामाईक वायरीवरून) काढावेत. नुसता फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढून प्रत्येक मिक्सरमध्ये काम होत नाही.

---

तिरकस | मंगळवार, सकाळी ९:१०

मीरा_प्र यांचा युक्तिवाद देखणा आहे, पण त्यात फट आहे. चित्रफीत उलटी फिरवायची मुभा तुम्ही गृहीत धरली. चुंबक घातलेले घटक असतात, आयसोलेटर, सर्क्युलेटर. त्यांत जायची वाट वेगळी, यायची वेगळी. तिथे रेसिप्रोसिटी चालत नाही. मग दोन्ही फांद्यांत असे घटक घालून बिनतोट्याचा जोड का होऊ नये?

(खवचटपणा नाही, खरंच विचारतोय.)

---

मीरा_प्र | मंगळवार, दुपारी १:२०

फट बरोबर पकडलीत. म्हणून आता चित्रफितीशिवाय.

अ, ब, क तिन्ही टोकांना एकेक रेझिस्टर लावा, तिन्ही एकाच तापमानाला. कोणतीही वीज नाही, बॅटरी नाही. तरीही रेझिस्टर गप्प बसत नाही, उष्णतेमुळे त्यातून बारीक गोंगाट बाहेर पडत असतो. नायक्विस्ट या शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये त्याचा हिशेब मांडला. जुळणी नीट असेल तर खोलीच्या तापमानाला एका मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येक रेझिस्टर सुमारे ४ फेमटोवॅट बाहेर टाकतो. रेझिस्टर किती ओहमचा याच्याशीही संबंध नाही.

आता तुमचा बिनतोट्याचा जोड मधे ठेवा. अ चे ४ पूर्ण क ला पोचले. ब चेही ४ पूर्ण पोचले. क ला मिळाले ८. क स्वतः बाहेर टाकतो ४ च. म्हणजे क आपोआप तापत जाणार आणि अ-ब थंड होत जाणार. सगळे एकाच तापमानाला होते, कोणी काही केलं नाही, तरी एक तापला आणि दोन गार पडले. उष्मागतिकीचा दुसरा नियम याला परवानगी देत नाही. चुंबकाला वीज लागत नाही, त्यामुळे त्याची मदत घेऊनही सुटका नाही. सर्क्युलेटरसुद्धा बघा, पहिल्या दाराचं दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात, तिसऱ्याचं पहिल्यात. प्रत्येकाला नेमका एक वारस. दोघांचा माल एका दारात तोही घालत नाही.

---

तिरकस | मंगळवार, दुपारी १:४५

मान्य. शस्त्रं खाली ठेवली.

---

बंड्या_सदाशिव | मंगळवार, दुपारी २:००

अवांतर: याच नियमाने चांदण्यात भिंग धरून कागद पेटवता येणार नाही ना? लहानपणी कोजागिरीला गच्चीवर तासभर भिंग धरून बसलो होतो. दूध आटलं, कागद नाही पेटला.

---

मीरा_प्र | मंगळवार, दुपारी २:३०

हो, हेच भावंड. भिंग उजेड एकत्र आणतं, पण उगमापेक्षा झळाळी वाढवू शकत नाही. हवेत आदर्श भिंगानेही ऊन ४६ हजार पटींच्या आसपासच एकवटता येतं, कारण त्यापुढे तो ठिपका सूर्यापेक्षा जास्त तापला असता. पौर्णिमेचं चांदणं म्हणजे उन्हाचा सुमारे चार लाखावा हिस्सा. त्याला ४६ हजारांनी गुणा, उत्तर साध्या उन्हाच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढं येतं. तेवढ्यात पापड वाळेल, पेटणार नाही.

---

निवृत्त_प्रसारक | मंगळवार, रात्री ८:१५

चर्चा उत्तम चालली आहे. उभी हयात रेडिओच्या ट्रान्समीटरांत काढली, म्हणून थोडी भर घालतो.

वरचं वाचून कोणाचा असा ग्रह होईल की दोन संदेश जोडले की निम्मी शक्ती गेलीच. तसे नाही. दोन संदेश *एकमेकांना अनोळखी* असतील तर निम्मी जाते. एकाच फ्रीक्वेन्सीचे, एकाच उंचीचे आणि फेजमध्ये, म्हणजे लाटांची पावले जुळलेली, असतील तर काहीही जात नाही. मोठा ट्रान्समीटर असाच बनतो. एकाच दहा किलोवॅटच्या ॲम्प्लिफायरऐवजी एकेक किलोवॅटचे दहा मॉड्यूल, सगळ्यांना एकाच मूळ स्रोतातून चालना, आणि त्यांची बेरीज कंबाइनरमध्ये.

कंबाइनरला अँटेनाखेरीज एक जास्तीचे दार असते, तिथे लावलेला असतो रिजेक्ट लोड, म्हणजे न जुळलेली शक्ती जाळणारा रेझिस्टर. १९६० साली अर्नेस्ट विल्किन्सन यांनी जो साधासुंदर विभाजक मांडला, त्यात हेच काम दोन फांद्यांच्या मधला एक रेझिस्टर करतो. ५० ओहमच्या लाइनींना तो १०० ओहमचा. दोन्ही फांद्यांत सारखा संदेश असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज, म्हणून त्यातून करंटच वाहत नाही. फरक पडला की फरकाचा वाटा त्यात जळतो.

आता गंमत. दोन मॉड्यूल, एकेक किलोवॅट, अँटेनाला दोन. एक बंद पडला, तर किती उरेल? नवीन पोरे एक किलोवॅट सांगतात. उत्तर अर्धा. उरलेल्या एकाचाही निम्मा भाग रिजेक्ट लोडमध्ये जातो. दहापैकी एक गेला तर नऊ किलोवॅट तयार होतात, त्यांतले ८.१ अँटेनाला आणि ०.९ लोडमध्ये.

एका केंद्रावर रात्रपाळीला आमचा एक सहकारी जेवणाचा डबा त्या लोडच्या पेटीवर ठेवत असे. सगळे ठीक असले की ती पेटी थंडगार. एका रात्री डबा उघडला तर वांग्याची भाजी वाफाळलेली. मीटरचा काटा नेहमीच्या जागी अडकलेला होता, त्यामुळे पॅनेलवर काही दिसत नव्हते. एक मॉड्यूल केव्हाचे मेलेले. तेव्हापासून आम्ही पेटीला हात लावून मगच लॉगबुकवर सही करायचो. (डबा ठेवू नये हे सांगायला नकोच.)

---

खांबावरचा | मंगळवार, रात्री ८:५०

काका, भाजीचा किस्सा जोडीदाराला वाचून दाखवला. पण एक अडलं. एकटा अ असला की त्याचा निम्मा वाया. ब सोबत आला की अ चा पूर्ण पोचतो. म्हणजे ब आल्यामुळे अ चा तोटा भरून निघाला? शेजारी मोटर लावली म्हणून माझ्या विहिरीचं पाणी वाढलं, असं झालं हे.

---

निवृत्त_प्रसारक | मंगळवार, रात्री ९:३०

शक्ती बेरजेत धरू नका, लाटेची उंची धरा. शक्ती म्हणजे उंचीचा वर्ग.

एकटा अ, एक वॅट, उंची १. कंबाइनर त्याची दोन दारांत वाटणी करतो, प्रत्येकी उंची ०.७०७. वर्ग केला की अर्धा वॅट अँटेनाला, अर्धा लोडला. ब चेही तसेच, पण लोडच्या दाराशी त्याची लाट उलटी पोचते. दोघे एकदम आले: अँटेनाशी ०.७०७ अधिक ०.७०७, म्हणजे १.४१४, वर्ग दोन वॅट. लोडशी ०.७०७ वजा ०.७०७, शून्य. टाकले दोन, मिळाले दोन. पाणी कोठूनही वाढलेले नाही. एकाचा फेज उलटा केलात तर सगळे दोन वॅट लोडमध्ये जातील आणि अँटेना कोरडी.

तुमच्या गिऱ्हाइकांच्या लेसरांना हे जमणार नाही. १३१० नॅनोमीटरचा उजेड सेकंदाला सुमारे २२९ लाख कोटी वेळा हेलकावतो, आणि ३२ घरांतली यंत्रे आपापल्या लहरीने चालतात. त्यांची पावले कोण जुळवणार? शिवाय एका वेळी बोलतो एकच.

आणि पावले जुळवायची नसतील तर दुसरी सोय म्हणजे फ्रीक्वेन्सी वेगळी ठेवणे. शहरातली खासगी एफएम केंद्रे बरेचदा एकाच मनोऱ्यावरच्या एकाच अँटेनातून निघतात. मुंबईत रेडिओ फिरवून पाहा: ९२.७, ९३.५, ९४.३. दोहोंत ०.८ मेगाहर्ट्झ. प्रत्येकाच्या वाटेत फक्त त्यालाच सोडणारे फिल्टर असतात, म्हणून एकाची शक्ती दुसऱ्याच्या ट्रान्समीटरमध्ये शिरत नाही आणि तोटाही थोडकाच होतो. पण फिल्टर सुरीसारखा सरळ कापत नाही, उतार असतो. अंतर कमी करत गेलात की फिल्टर मोठे, महाग आणि जास्त तापणारे होतात.

---

सोल्डरवाली | मंगळवार, रात्री १०:०२

खांबावरचा दादा, हे तर तुमच्याच पेटीत आहे की! इंटरनेट खाली १४९० वर, वर १३१० वर, आणि केबल टीव्ही १५५० वर. तिन्ही एकाच फायबरमध्ये.

---

खांबावरचा | मंगळवार, रात्री १०:२०

आयला, खरंच. ऑफिसातल्या टीव्हीच्या ईडीएफएमध्ये (उजेड वाढवणाऱ्या मशीनमध्ये) डब्ल्यूडीएम, म्हणजे वेगवेगळे रंग एकत्र करणारा जोड, बसवलेला आहे, तो टीव्ही आणि इंटरनेट जोडतो आणि एक डीबीसुद्धा खात नाही. रोज बघतो, पण तो का खात नाही असं कधी मनातच आलं नाही. रंग वेगळे म्हणून फीत उलटी केली तरी कोणी कुठे जायचं ते ठरलेलं.

मग प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा रंग दिला तर?

---

अर्धवाहक | मंगळवार, रात्री १०:४५

देतात, पण ३२ नेमक्या रंगांचे लेसर म्हणजे ३२ प्रकारची मशीनं, किंवा रंग बदलता येणारा महाग लेसर. गावात मशीन जळलं की बरोबर त्याच रंगाचं शोधत फिरा.

दुसरा मार्ग म्हणजे खांबावर स्विच. ज्याची पाळी त्याची फांदी उघडी. वेळ हीसुद्धा ओळखच आहे, पण ती ओळखायला खांबावर कोणीतरी जागं पाहिजे. त्याला वीज पाहिजे, आणि कोणाची पाळी हे सांगणारंही कोणी पाहिजे. पॅसिव्ह नेटवर्कचा सगळा फायदाच हा की खांबावरच्या डब्याला वीज लागत नाही.

तिसरा, संगमासारखं पात्रच रुंद करणं. अनेक एकमोडी फायबर एका बहुमोडी फायबरमध्ये तोट्याशिवाय उतरवता येतात, त्या जोडाला फोटॉनिक लँटर्न म्हणतात. अट एकच, पुढच्या फायबरमध्ये निदान तितके मोड (उजेड चालायचे आकार) पाहिजेत. ओएलटीचा डिटेक्टर मोठ्या तोंडाचा असेल तर त्याला उजेड कोणत्या मोडमधून आला याच्याशी देणंघेणं नसतं. पण त्यासाठी परतीची फायबर वेगळी टाकावी लागेल. तुमच्या जमिनीत पुरलेली एकमोडी आहे.

पहिल्या दिवशी "विषय संपला" म्हणालो होतो, ते मागे घेतो.

---

दुर्बीणवेडा | बुधवार, सकाळी ११:०५

इथे नारायणगावजवळच्या खोडदचा उल्लेख हवाच. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, काही मध्ये दाटीने, बाकीच्या तीन फाट्यांवर दूर दूर. प्रत्येकीचा संदेश तिथेच वाढवून फायबरने मधल्या इमारतीत आणतात. आधी वाढवलेला असल्याने नंतरच्या बेरजेत काही डीबी गेले तरी बिघडत नाही.

मला सांगायचंय ते वेगळं. तुम्ही ज्याला तोटा म्हणताय तोच तिथे कामाला येतो. पल्सारकडून (ठरावीक ठेक्यात रेडिओ-स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याकडून) आलेली लाट तिसांही तबकड्यांत एकच, फक्त थोडी मागेपुढे. ती वेळ सारखी केली की काकांच्या मॉड्यूलांसारखी सगळी जुळते. पण प्रत्येक तबकडीच्या रिसीव्हरचा गोंगाट आपापला, दुसऱ्याला अनोळखी. समजा बिनविजेच्या कंबाइनरने बेरीज केली: संदेशाची शक्ती ३० पट होते, आणि गोंगाट? प्रत्येकाचा तिसावा हिस्साच पार होतो, असे तीस, म्हणजे बेरीज एकाच तबकडीएवढी. संदेश तीसपट, गोंगाट तेवढाच! प्रत्यक्षात बेरीज आकड्यांत, संगणकात होते, पण गुणोत्तर हेच.

फेज न जुळवता नुसत्या शक्तींची बेरीज केली तर फायदा तीसच्या वर्गमुळाएवढा, साडेपाच पट. तीही करतात, कारण आकाशाचा मोठा तुकडा एका वेळी दिसतो.

---

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी १२:३०

मी स्प्लिटरला निकृष्ट म्हणालो होतो ते शब्द मागे घेतो. आज सकाळी संगमावर जाऊन पात्र बघून आलो. रुंदच आहे.

---

खांबावरचा | शनिवार, रात्री ९:१५

मंडळी, प्रयोग केला.

आमच्याकडे जुने कपलर पडून आहेत, दोन फायबर वितळवून चिकटवलेले, पेन्सिलीपेक्षा बारीक पोलादी नळीत. एकास दोनचा एक खराब झालेला होता. काकांच्या रिजेक्ट लोडबद्दल वाचल्यापासून डोक्यात होतं की याचंही चौथं दार कुठेतरी असलं पाहिजे. नळी कानशीने घासून उघडली. आत काचेची पट्टी, त्यावर पिवळट गोंद. दोन पायांच्या बाजूला दोन फायबर. एका पायाच्या बाजूला, भिंग लावून बघितलं, तर *तिथेही दोन*. एक बाहेर आलेली आणि दुसरी आतच कापलेली, जेमतेम नखाएवढं थोटूक, टोकाला डिंकासारखा थेंब. इतकी वर्षं मी याला तीन पायांचा समजत होतो.

मग चारही पाय बाहेर असलेला दोनास दोन, निम्मा-निम्मा कपलर पुण्याहून मागवला. तो आज आला. हातातला १३१० चा लेसर, मीटरवर थेट -५.० डीबीएम. तो अ पायात घातला. खोडाच्या पायावर, म्हणजे क वर, -८.४. चौथ्या पायावर, ड वर, -८.४. मिलिवॅटमध्ये टाकले ०.३२, दोन्हींची बेरीज ०.२९. उरलेला चिमूटभर कनेक्टरांत गेला. नंतर ब मधून टाकून बघितलं, तेच आकडे.

म्हणजे जो उजेड मी गायब समजत होतो तो ड मध्ये होता आणि नळीत त्या थेंबाशी जाऊन विझत होता. हाताला गरम का लागला नाही तेही कळलं. गिऱ्हाइकाचा अख्खा लेसरच दीड-दोन मिलिवॅटचा, तोही पाळी आली की क्षणभर.

मीराताई, खांबावरच्या एकास आठच्या चिपमध्ये मात्र असं थोटूक दिसत नाही. तिथे कुठे जातो?

---

मीरा_प्र | शनिवार, रात्री ९:५०

मोजून टाकलंत, फार आवडलं. चिपमध्ये वाय आकाराचे फाटे कोरलेले असतात. एका फांदीतून आलेल्या उजेडाचा निम्मा भाग अशा आकारात जातो जो खोडात मावत नाही, तो आजूबाजूच्या काचेत पसरून विरतो. दार आहेच, फक्त त्याला भिंत नाही.

फोटो टाका ना त्या थोटकाचा.

---

खांबावरचा | शनिवार, रात्री १०:१०

जोडीदाराने टेबल झाडताना नळी कचऱ्यात टाकली. वर मलाच विचारतोय, "मग कंपनीवाले चौथा पाय कापतात कशाला? तिथून अजून एक लाइन निघाली असती की."

आता त्याला दोनास आठचा स्प्लिटर दाखवावा लागेल. सोमवारी पुन्हा भांडण.